जळणाऱ्या मोटारींवर चाललेलं घर

सौंसरच्या बसस्टँडमागे माझं मोटार वाइंडिंगचं दुकान. संत्र्याच्या बगिच्यांतल्या विहिरींवरच्या मोटारी जळायच्या, लोक त्या घेऊन यायचे, मी आत नवी तांब्याची तार भरून द्यायचो. लाइनचं व्होल्टेज जितकं पडायचं, तितकं माझं घर उभं राहायचं. जामसांवलीला मारुतीसमोर मी घरच्यांसाठी सगळं मागायचो. व्होल्टेजचा विषय तेवढा काढत नव्हतो.

मग सरकारला सूर्य सापडला. पांढुर्ण्याकडे तिगावात माझ्या साळ्याचा बगिचा आहे, तिथं सोलर पंप बसला. नारळ फोडायचा मान जावई म्हणून मलाच. साळ्यानं सगळ्यांदेखत सांगितलं की आता मोटार जळायची भानगडच संपली. मीही टाळ्या वाजवल्या. पेढा चांगला होता.

वर्षभरात जिकडंतिकडं सोलरच्या प्लेटा उभ्या राहिल्या आणि माझं दुकान शेजाऱ्यांना गाड्या लावायला सोयीचं झालं. बायकोनं मला छिंदवाड्याला सोलरच्या प्रशिक्षणाला धाडलं. तीन दिवसांत तिथं प्लेटा ओल्या फडक्यानं पुसायला शिकवलं. पंप चालवणाऱ्या कंट्रोलरच्या डब्याला हात लावायचा नाही, हेही शिकवलं. तीस वर्षं मोटारी खोलणाऱ्या माणसाला फडकं धरायचं प्रमाणपत्र मिळालं.

ऐन आंबिया बहारात, संत्री फुलावर असताना, साळ्याचा पंप बंद पडला. कंपनीच्या फोनवर एक गोड आवाज रोज तक्रार नोंदवून घ्यायचा आणि धन्यवाद म्हणायचा. आठव्या दिवशी साळ्यानं मला बोलावलं. फुलं गळायला लागली होती. डब्यावर सील होतं. मी म्हटलं, हे तोडलं तर गॅरंटी जाईल.

तो झाडांकडे पाहत म्हणाला, "भाऊजी, झाडं काही गॅरंटीवर जगून नाही राहिले."

मी सील तोडलं. आत मुंग्यांनी वारूळ केलं होतं आणि एक तार सुटली होती. साफ केलं, तार जोडली, पाणी आलं. साळा खाली पाण्याच्या दांडात पाय सोडून बसला.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्यानं चालू पंपाचा फोटो काढला, तक्रार सोडवल्याची नोंद केली आणि चहा घेऊन गेला.

आता लोक मला बोलावतात. डबे खोलतो, प्लेटाही धुतो. पाखरांची कृपा आहे, धुण्याचं काम कधी सरत नाही. कमाई पहिल्यासारखी नाही. बायको म्हणते, आजकाल तुम्ही घरी लवकर येता. ती हे कौतुकानं म्हणते का, ते मी विचारलेलं नाही.