शेजारचा रकाना

रोजगार कार्यालयात आकडेवारीच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंचं खरं नाव हजेरीपटापुरतं. बाकी सगळ्यांच्या त्या रकानाबाई. दर महिन्याला राज्यवार भरतीच्या दरांचा तक्ता आला, की साहेब सगळ्यात मोठा आकडा शोधून "व्वा!" म्हणत, सगळ्यात लहान शोधून "अरेरे!" म्हणत. झालं त्यांचं वाचन! बाई मात्र ओळीखाली लाकडी पट्टी धरून, खडे निवडावेत तशा सावकाश पुढे सरकत.

"दर म्हणजे शंभर कामगारांमागे महिन्यात नवे किती घेतले," खिडकीशी येणाऱ्या प्रत्येकाला त्या सांगत. "पण का घेतले ते विचारा की! काम वाढलं म्हणून, की जुने पळाले म्हणून? ते शेजारच्या रकान्यात, किती सोडून गेले त्याच्या."

पहिल्या नंबरचं राज्य बघून राजीनामा खरडून आलेल्या कितीतरी जणांनी तो त्या खिडकीशीच पुन्हा खिशात घातला. अशी बाई दिवा घेऊन शोधली तरी सापडायची नाही.

एका दुपारी खिडकीशी त्यांची लेकच आली. लेक नर्स. नवरा गेल्यापासून बाईंना घरात तेवढंच एक माणूस. दूरच्या राज्यातल्या इस्पितळानं तिला बोलावलं होतं आणि उत्तर आजच कळवायचं होतं.

"आई, इस्पितळांचा तक्ता काढ. तू म्हणशील तसं करते."

बाईंनी तक्त्यावर पट्टी ठेवली. इथली भरती शेकडा पाच, तिकडची तीन. साहेबांनी मागून मान लांब केली. "अगं पोरी, इथंच जास्त आहे की! घर सोडून कशाला जातेस?"

लेकीचा चेहरा उतरला. "बरं, मग राहते."

बाईंना असा आनंद झाला की त्यांची त्यांनाच लाज वाटली. खोटं बोलायचंही नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. संध्याकाळी दारात लेकीच्या चपला दिसल्या असत्या, भांडायला हक्काचं माणूस राहिलं असतं.

"थांब," त्या म्हणाल्या आणि बोट शेजारच्या रकान्यावर नेलं. "इथं पाच घेतात आणि पाचच सोडून जातात. नुसती भोकं बुजवतात मेले! तिकडं तीन येतात, एक जातो. माणसं टिकतात तिथं."

"एखाद्या महिन्याचं काय घेऊन बसलात?" साहेब म्हणाले.

बाईंनी मागच्या वर्षाचे बाराही तक्ते काढले. एखादा तरी उलटा निघेल, अशी त्यांना वेडी आशा होती. एकही निघाला नाही.

लेकीनं तक्ते बाजूला सारले. "आई, तक्ता राहू दे. तुला काय वाटतं ते सांग."

"मला वाटतं, तू जाऊ नयेस," बाई म्हणाल्या. "म्हणून तर तक्ता वाचला." आणि होकार लिहायला त्यांनी आपलं पेन पुढे केलं.