गौरव्वाची शिवळ

गौरव्वा बैलांशी कानडीत बोलायची आणि माणसांशी मराठीत. 'नडी, नडी' म्हणत नंद्या-हौशाची जोडी मालधक्क्यावर आणायची. 'निल्लु' म्हटलं की दोघे जागच्या जागी उभे. एकदा मी विचारलं, "अक्का, तुझ्या बैलांना मराठी कळत न्हाय का गं?" तर म्हणाली, "कळतंय की. पन मराठीत मी दिवसभर हमालांशी भांडते. तीच भाषा त्यांच्याशी कशाला?"

हे सत्तरच्या दशकातलं सोलापूर बरं का. रेल्वेच्या मालधक्क्यावर सुताच्या गाठी उतरायच्या आणि बैलगाड्यांनी विणकरांच्या पेठांत जायच्या. येताना त्याच गाड्या चादरींचे गठ्ठे घेऊन यायच्या. आमच्या ह्यांची एक गाडी होती. धक्क्यासमोरच आमची खोली, आणि दारातल्या चुलीवर मी गाडीवानांना चहा करून द्यायची. गौरव्वा अक्कलकोटकडची. नवरा गेल्यावर दिरांनी गाडी विकायला काढली, तर ही कासरा हातात घेऊन स्वतःच गाडीवर चढून बसली. कपाळाला विभूती, इरकल पातळ वर खोचलेलं, तोंडात पान. पहिले दिवस गाडीवान हसले. मग तिनं एकाची चिखलात रुतलेली गाडी आपल्या जोडीनं ओढून काढली, आणि हसणं बंद झालं.

मला ती तंगेव्वा म्हणायची, म्हणजे कानडीत धाकटी बहीण. नुसतं म्हणायची नाही हो. माझ्या मुलीच्या वेळी कळा सुरू झाल्या तेव्हा हे गाडी घेऊन लांब गेलेले. गौरव्वानं भरलेल्या गाठी खाली उतरवल्या, गाडीत कडबा अंथरला आणि मला दवाखान्यात नेलं. वाटभर बैलांना कानडीत हळू आवाजात काहीतरी सांगत होती. शब्द मला कळत नव्हते, पण गाडीला हिसका बसला नाही एवढं कळत होतं.

आता शिवळीचं सांगते, नाहीतर पुढचं उमगायचं नाही. जूच्या टोकाला बैलाची मान आत राहावी म्हणून एक लाकडी खुंटी असते, तिला शिवळ म्हणतात. ती काढली की गाडी जुंपता येत नाही. आमच्या धक्क्यावर नंबर लावायची रीत अशी, की गाडीवानानं आपली शिवळ भिंतीवर ओळीत ठेवायची आणि खुशाल चहाला जायचं. कुणाची शिवळ कुणी हलवायची नाही. सगळ्या शिवळा सारख्याच दिसायच्या, पण हात लावला की ज्याची त्याला कळायची. "शिवळ भिंतीवर, मानूस निवांत," असं गौरव्वाचं म्हणणं.

तर त्या सुमारास पुण्याहून एक सरकारी साहेब आले आणि गावात कचेरी मांडून बसले. अख्ख्या भागात माल कुठून कुठं जातो हे बघून त्याची नवी आखणी करायची, हे त्यांचं काम. भला माणूस होता. कडुनिंबाखाली नकाशा पसरून त्यांनी समजावलं: श्रीपूरची साखर, माढ्याची ज्वारी, सगळ्यांचे ट्रक गावात घुसतात आणि कोंडी होते. म्हणून ट्रकतळ गावाबाहेर न्यायचा. तिथं माल उतरवायचा आणि टेम्पोनं गावात आणायचा. दिवसा स्टेशन रोडला बैलगाडी बंद.

गाडीवानांची तोंडं उतरली. गौरव्वा उभी राहिली. "सायेब, तुमचं खरं हाय. गावाभाईरचं ट्रकाला द्या. पन शेवटचा पल्ला आमाला ठेवा. आमच्या बोळात टेम्पो शिरला तर मागं घ्यायला पंचांग बघावं लागंल."

साहेबही हसले. "बाई, विचार करू."

"विचार तुमी करा. तवर आमी गाड्या सोडतो."

संप ठरला. पण पोटासाठी एखादा फुटला तर? तोड गौरव्वानंच काढली. आपली शिवळ उपसून तिनं सगळ्यांसमोर पोत्यात टाकली. "समद्यांनी टाका. पोतं माज्या पेटीत ऱ्हाईल. समद्यांचं ठरल्याबिगर एकाचीबी शिवळ परत मिळनार न्हाय. माजीबी न्हाय." एकेकानं आणून टाकली. आता खरं सांगायचं तर सुताराकडून नवी करून घ्यायला कितीसा वेळ? पण तसं कुणी केलं नाही. शिवळ दिली म्हणजे शब्द दिला.

दिवस वाईट होते. माझ्या चुलीवर बिनदुधाचा चहा उकळायचा आणि तोही कमी जण प्यायचे. ह्यांनी एकदा म्हटलं, "जाऊन आपली शिवळ मागून आनतो. पोरीच्या दुधाचं तरी बगायला पायजे." मी म्हटलं, "अक्का हाय की तितं. ती काय आपल्याला बुडू देती व्हय?" गौरव्वा साहेबांच्या कचेरीत जायची, येताना माझ्या पोरीला राजगिऱ्याचा लाडू आणायची. "काय म्हनला सायेब?" "ऐकतोय," म्हणायची.

एके सकाळी धक्क्याचं फाटक उघडलं आणि दोन टेम्पो आत शिरले. कोरे. पुढं रंगवलेलं नाव वाचलं आणि माझ्या हातातली किटली तशीच राहिली. एकावर नंद्या, दुसऱ्यावर हौशा. गौरव्वा फाटकाशी उभी राहून गाठी चढवून घेत होती.

मी जवळ गेले. "अक्का, आमच्या शिवळा तुज्याकडं हायत."

"हायत की. पेटीत हायत."

"आन् हे?"

"ह्याला शिवळ लागत न्हाय."

मी किटली खाली ठेवली. मग तीच बोलायला लागली. "सायेबानं काय वाईट केलं न्हाय. कचेरीला गावातल्या मालाचा करार एकाशीच करायचा हाय. इतक्या गाड्यांशी कोन बोलत बसनार? करार दावला की ब्यांक टेम्पोला कर्ज देती. मी न्हाय घेतला तर भाईरचा कोन तरी घेनार हुता."

"आमाला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर व्हय म्हनला असता?"

"न्हाय."

"मग?" म्हणाली, आणि पदरानं तोंड पुसून हमालांकडं वळली.

शिवळांचं पोतं तिनं संध्याकाळी टेम्पोतून माझ्या दारात पाठवलं. स्वतः आली नाही. गाडीवान येत गेले, हातानं चाचपून आपापली घेत गेले. शेवटी एक उरली. तिची.

आमची जोडी ह्यांनी उसाच्या हंगामात श्रीपूरकडं विकली. मग हे हमालीला लागले, गौरव्वाच्याच टेम्पोवर. संध्याकाळी येऊन पाठ शेकायला सांगायचे, पण तिचं नाव घ्यायचे नाहीत. मी घ्यायची. शिव्या घालायची, आणि शिव्या घालताना कडबा अंथरलेली ती गाडी आठवली की आणखी जोरात घालायची. परक्यानं केलं असतं तर इतकं कशाला लागलं असतं?

पुष्कळ वर्षांनी ती आली. काठी टेकत उंबऱ्यावर बसली. माझ्या मुलीची, नातवंडांची चौकशी झाली. मग म्हणाली, "तंगेव्वा, माजी शिवळ हाय का गं तुज्याकडं?"

"हाय."

"दे की. आता काय, संपत आलं."

"चहा घेनार?" मी विचारलं.

तिनं काठी बाजूला ठेवली. "गूळ घाल," म्हणाली.

गूळ घालून केला, तिला आवडायचा तसा. हौशा कसा गेला ते तिनं सांगितलं, आणि सांगता सांगता कानडीत शिरली. निघताना पुन्हा मागितली नाही. उंबऱ्यावरून उतरताना मी तिचा हात धरला.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. मी मातीला गेले, रडलेही. घरातनं निघताना तिच्याजवळ ठेवायला म्हणून शिवळ पदराखाली घेतली होती. पण दारातनंच परत फिरून ती फळीवर ठेवली. समद्यांचं ठरल्याबिगर एकाचीबी परत मिळनार न्हाय, ही अट तिनंच घातलेली.