मफलर बाहेर

यवतमाळच्या आमच्या कॉलेजात संशोधन कोणी करायचं, हे प्राचार्य नव्हे, प्रयोगशाळेचा परिचर ठरवतो. बारावीपर्यंत शिकलेला हा गृहस्थ दारात उभा राहून माझी, म्हणजे साक्षात पीएचडीची, झडती घेतो. "सर, दाढी नका खाजवू. मफलर बाहेर ठेवा न, लोकर झडून राह्यली त्याची." डिसेंबरची थंडी असली तरी त्याला दया नाही.

कपाशीच्या पेशीत कोणतं प्रथिन कोणाला धरून बसतं, ते मी शोधतो. नमुने इथं तयार करायचे आणि नागपूरला मास स्पेक्ट्रोमीटरकडे पाठवायचे. ते यंत्र प्रथिनांचे तुकडे तोलून त्यांची ओळख सांगतं. एवढ्या थोर कामात मफलरची कसली भानगड? एकदा तो चहाला गेल्यावर मी मफलरसकट आत शिरलो आणि सगळे नमुने स्वतः भरले.

रिपोर्ट आला. कपाशी नावापुरती, बाकी सगळं मेंढीच्या लोकरीचं प्रथिन. मी ताबडतोब शास्त्रीय निष्कर्ष काढला. "भाऊ, तुमच्या स्वेटरनं घात केला!"

त्यानं शांतपणे कॉलर उलटून लेबल दाखवलं. नायलॉन.

"मले मेंढी नाही परवडत, सर."

मग त्यानं दाराबाहेर एक खिळा ठोकला आणि हात पुढे केला. सहा महिन्यांचं माझं संशोधन मी मुकाट्यानं गळ्यातून सोडवलं आणि त्याच्या हातावर ठेवलं.