मोती की काच?

इरा आणि अर्णव,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही दोघं ‘हो आजी, हो आजी’ म्हणता आणि लक्ष भलतीकडेच असतं. शिवाय या माहितीची गरज तुम्हाला आज नाही, चाळिशीत पडेल. तेव्हा मी फोन उचलायला असेनच असं नाही. काल तुमच्या बाबाच्या डोळ्यांच्या तपासणीचा निकाल कळला, म्हणून आजच लिहायला बसले. निकाल शेवटी सांगते. आधी प्रकरण काय आहे ते समजून घ्या.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी मी दादरला चष्म्याचा नंबर तपासायला गेले. इंग्रजी शब्दकोड्याचे चौकोन पुसट दिसायला लागले होते. मोतीबिंदू असणार, असं मी स्वतःच ठरवून टाकलं होतं. आबांच्या मोठ्या बहिणीचं, लालबागच्या वन्संचं, नुकतंच ऑपरेशन झालं होतं. काळा चष्मा लावून त्या मार्केटात हिंडत होत्या आणि ‘लोक मला हिरॉईन समजतात गो’ म्हणून सांगत होत्या.

डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी डोळा बधिर करणारा थेंब घातला, दाब मोजला, मग दिवा लावून डोळ्याच्या आत पाहिलं. परत पाहिलं. तशी माझी चुळबुळ सुरू झाली.

“तुम्हाला काचबिंदू आहे,” त्या म्हणाल्या. “ग्लॉकोमा.”

मला चक्क हायसं वाटलं. बिंदूच ना. मी विचारलं, “किती पिकलाय? गणपती झाल्यावर काढला तर चालेल?”

तुम्हाला हे विचित्र वाटेल. आपल्याकडे मोतीबिंदू पिकतो, आंब्यासारखा. तो पिकेपर्यंत थांबायचं, मग काढायचा, की लख्ख दिसायला लागतं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आता डॉक्टर मोतीबिंदूलाही पिकायची वाट पाहू देत नाहीत. शब्द मात्र तोंडात तसाच राहिला आहे.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “आजी, हा पिकत नाही आणि काढताही येत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायची, एवढंच आपल्या हातात आहे. घरात आणखी कुणाला होता?”

“काचबिंदू कुणालाच नाही. आईला मोतीबिंदू होता.”

“ऑपरेशननंतर त्यांना दिसायला लागलं?”

मला आईची पट्टी काढली तो दिवस आठवला.

माझी आई गिरगावात चाळीच्या गॅलरीत बसून पावलांवरून माणसं ओळखायची. ‘पिकू दे, मग काढू,’ असं सगळे म्हणायचे. ती शहाण्यासारखी वाट बघत राहिली. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि तिने विचारलं, ‘अजून दिवा लावला नाही का?’ फार पिकला होता, असं आम्ही स्वतःला समजावलं. तो मोती नव्हताच कदाचित. नुसता मोती तरी नव्हता.

“आता खात्रीने सांगता येणार नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “पण हा आजार घराण्यात उतरतो. तुमच्या मुलाला तपासून घ्यायला सांगा. आजच सांगा.”

आता आजार काय ते सांगते. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं आणि बारीक जाळीतून वाहून जातं. माझी जाळी मोरीच्या जाळीसारखी हळूहळू तुंबली आहे. पाणी साठतं, दाब वाढतो, आणि त्या दाबाने ऑप्टिक नर्व्ह मरत जाते. डोळ्याला दिसलेलं मेंदूपर्यंत नेणारी ही नस. कडेची नजर आधी जाते, मधली शेवटी. दुखत नाही, लाल होत नाही. माझा तरी असा चोरपावलांचा प्रकार आहे. दुसऱ्या एका प्रकारात डोळा अचानक भयंकर दुखतो आणि दिव्यांभोवती रंगीत वलयं दिसतात. तसं झालं तर तडक हॉस्पिटल गाठायचं.

मग फील्ड टेस्ट झाली. एका पांढऱ्या वाडग्यात डोकं घालून समोर टक लावायची. आजूबाजूला प्रकाशाचे ठिपके लुकलुकतात, दिसला की बटण दाबायचं. मला वाटलं मशीन मधेमधे बंद पडतंय. तसं सांगितलं, तर ती मुलगी म्हणाली, “आजी, मशीन चालू आहे.” ठिपके येत होते, मला दिसत नव्हते. उजव्या डोळ्याची वरची आतली बाजू गेली होती. जिथली नजर गेली तिथे काळं दिसत असेल, असं मला वाटायचं. काळं काहीच दिसत नाही. ते तिथे नसतंच.

त्याच दिवशी तिकडे तुमच्या बाबाला फोन केला.

“आई, मला छान दिसतं,” तो म्हणाला.

“मलाही छानच दिसत होतं.”

“बरं, बघतो.”

‘बघतो’ म्हणजे काय ते मला चाळीस-पंचेचाळीस वर्षं माहीत आहे.

रोज झोपताना थेंब सुरू झाले. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, नाहीतर औषध घशात उतरतं आणि तोंड कडू होतं. दुसरं औषध लगेच घालायचं नाही, थोडं थांबायचं. थेंबांनी सुधारल्यासारखं काही वाटत नाही, म्हणून लोक ते सोडून देतात. तुम्ही सोडू नका.

पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. सकाळी उठलं की डावा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहायची. मधल्या तारखेवर नजर ठेवायची आणि महिन्याचं नाव दिसतं का बघायचं. दुपारी पुन्हा.

“अगं, कॅलेंडर कुठे पळून जात नाही,” आबा म्हणायचे.

“महिना जातोय ना पळून,” मी म्हणायची.

थेंबांनी डावा आटोक्यात आला, उजव्याचा दाब मात्र हटेना. परळच्या हॉस्पिटलात ट्रॅबेक्युलेक्टमी ठरली. म्हणजे तुंबलेल्या जाळीला वळसा घालून पाण्याला नवी वाट करून देणं. ऑपरेशनआधीच्या तपासणीला तिथे बाहुली मोठी करणारे थेंब घालून सगळ्यांना रांगेत बसवतात. शेजारी वरळी कोळीवाड्याच्या एक बाई होत्या. डोळे मिटूनच त्यांनी विचारलं, “मोती की काच?”

“काच.”

“माझी पण. गिऱ्हाईक बाजूने पापलेट उचलून जाईल तरी मला कळणार नाय. मोतीवाले बघा कसे हसत घरी जातात.”

मला हसू आलं. त्या दिवसातलं ते पहिलंच.

ऑपरेशन लांबलं नाही. नंतरच्या दिवसांनी छळलं. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. वन्सं राहायला आल्या आणि मी नुसती चप्पल शोधायला वाकले तरी ओरडायच्या, “सुलभा, सरळ उभी राहा गो!” माझ्या डोळ्याबद्दल मात्र त्यांना एकच विचारायचं होतं. “आता पिकलेला निघाला ना सगळा?” मी पुन्हा पहिल्यापासून समजावलं.  मग त्या म्हणाल्या, “म्हणजे तुझी आई उगाच थांबली?”

 संध्याकाळी त्यांनीच तुमच्या बाबाला फोन लावला. “शेखर, तू कसली वाट बघतोस रे? तुझ्या गिरगावच्या आजीसारखी, पिकायची? डोळे दाखवून ये, नाहीतर मी विमानात बसून तिकडे येते. काळा चष्मा आहेच माझ्याकडे.”

तो घाबरला असावा. काल निकाल आला. त्याचा दाब वाढलेला आहे. नस अजून धडधाकट आहे, आणि त्याने थेंब सुरू केले आहेत. तुमच्या आईला सांगितलंय, रात्री त्याच्यावर लक्ष ठेव म्हणून. तुम्हीही ठेवा. आणि चाळिशी आली की कुणी न सांगता स्वतःच जाऊन तपासून घ्या. त्यानंतरही डॉक्टर सांगतील तेव्हा जात राहा.

माझा दाब सध्या खाली आहे. तो तसाच राहील असं वचन डॉक्टर देत नाहीत. मी अजूनही अधूनमधून डावा डोळा झाकून कॅलेंडरसमोर उभी राहते. महिन्याचं नाव दिसत नाही, ते आता दिसणार नाही. तारीख दिसते. डावा डोळा जवळजवळ पूर्ण आहे, शब्दकोडं सुटतं, हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलं आहे. आणि तुमच्या बाबाचे दोन्ही डोळे शाबूत आहेत.