देवाकडे पाय

खरं सांगते, त्या दिवसांत मी बाळकृष्णावर रुसले होते. चार वर्षं टाळत टाळत उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन एकदाचं केलं, टाके निघाले, "उद्यापासून व्यायाम शिकवायला घरी येतो" असं फिजिओथेरपिस्ट सांगून गेले आणि दुसऱ्याच दिवशी लॉकडाउन लागला! डाव्या गुडघ्याची तारीखही गेली, कारण हाडांचा अख्खा वॉर्ड कोरोनाच्या रोग्यांना दिला होता. म्हटलं, देवा, साऱ्या ग्वाल्हेरात तुला मीच सापडले का?

त्यात माझा हट्ट. दर्पण कॉलनीतल्या आमच्या घरात माझा पलंग नेमका देवघरासमोर. पाय सरळ केला की थेट बाळकृष्णाकडे जातो. पलंग फिरवावा तर डोकं उत्तरेला येतं, आडवा टाकायला खोलीत जागा नाही. जन्मात कधी देवाकडे पाय केले नाहीत, ते आता करू? म्हणून गुडघ्याखाली उशी घेऊन, पाय दुमडून पडायची. फिजिओथेरपिस्ट फोनवर विचारायचे, "पैर सीधा रखती हैं ना?" मी खुशाल "हाँ जी" म्हणायची. आमचे हे वैतागायचे, "अगं, देव काय रागावणारे का?" पण मी कसली ऐकते! दहा-बारा दिवसांत गुडघा असा आखडला की उभं राहिलं तरी टाच टेकेना. मग मात्र माझं धाबं दणाणलं. जन्मभर अशीच लंगडत चालणार मी? ढसाढसा रडले आणि म्हटलं, बाळकृष्णा, माझी अक्कल संपली, आता तूच बघ.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीशी एका बाईने पाणी मागितलं. रामकली तिचं नाव. हाडांच्या वॉर्डात ती कित्येक वर्षं आया होती. आता तिथेच कोरोनाची ड्यूटी, आणि टेम्पो बंद म्हणून बिर्लानगरहून पायी निघालेली. यांनी तांब्या दिला. पिता पिता तिची नजर माझ्या उशीवर गेली.

"अम्मा, तकिया हटाओ! टाँग टेढ़ी रह जाएगी!"

मी देवघराकडे बोट दाखवलं. ती खळखळून हसली. "वाह अम्मा! जिसने टाँग ठीक करवाई, उसी से छिपा रही हो?"

मला हसूही फुटलं आणि रडूही. उशी काढली. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, हे तिने बाहेरूनच शिकवलं. फिजिओथेरपिस्टना खरं सांगून टाकलं, तेही म्हणाले, हेच करा. मग रोज ड्यूटीला जाताना रामकली खिडकीशी थांबायची आणि मोठ्याने दहापर्यंत मोजायची. मी "आई गं" म्हणून विव्हळले की ती आठावरून परत पाचावर यायची, लबाड! महिन्याभराने माझी मीच फाटकापर्यंत चालत गेले. भर रस्त्यात ती टाळ्या पिटत ओरडली, "अरे, अम्मा तो दौड़ रही हैं!" इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता. असं मी बोलून गेले, तर आमचे हे जरा फुगलेच.

लोक याला योगायोग म्हणोत, मी वाद घालत नाही. मनातून मी देवाकडे डॉक्टर मागत होते, त्याने तहानलेली बाई पाठवली. "तूच बघ" म्हणतानाही आपण त्याला अटी घालतो, एवढं मला कळलं.

डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढे दीड वर्षाने झालं. घरी आणल्यावर यांनी भीत भीत विचारलं, "पलंग कुठे टाकू?"

म्हटलं, "आहे तिथेच. त्याला बघू दे की!"