शिवी शोधणारी मावशी

पालीच्या कोळीवाड्यापासून भाईंदरपर्यंतच्या पट्ट्यात आमच्या मासेवाल्या मावशीइतकी गिऱ्हाइकाची बिनपाण्याने करणारी बाई दुसरी नसेल. सोसायटीच्या गेटपाशी टोपली टेकली, की तिच्या तोंडाचा पट्टा सुरू. फार घासाघीस करणारा वेडा, हाक न ऐकणारा बहिरा आणि टोपलीला धडकणारा आंधळा. लोक हसत ऐकून घेत आणि वर दोन बोंबील जास्त मागत.

एकदा तिने असंच कुणाला तरी "आंधला हाय काय रं?" म्हणून झापलं, तेव्हा माझी आई जिन्यात कठडा धरून उभी होती. काचबिंदूने तिची नजर नुकतीच गेली होती. कठडा चाचपत ती वर गेली आणि मासे घ्यायला खाली यायची बंदच झाली. वीस वर्षांचं गिऱ्हाईक! मावशीने कारण विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगून टाकलं.

तेव्हापासून मावशीला वेगळाच नाद लागला. शिवी ओठांवर आली की सुरी हवेत धरून ती थांबायची. "त्याचे डोले तर बरे हायत. मंग चुकलं काय त्याचं?" असं मलाच विचारायची. गिऱ्हाईक बिचारं शिवीची वाट बघत ताटकळायचं. मग एकदम, "मोबाईलमधी तोंड घालून चालतंय, बेफिकीर मेला!" वेड्याच्या जागी चिकट आला. वॉचमनला तर तिने सरळ विचारलं, "तुमको सुनता नहीं, या सुननेका नहीं?"

हे सगळं आई पहिल्या मजल्याच्या खिडकीतून ऐकत होती. महिन्याभराने माझा हात धरून ती खाली उतरली. मावशीला काय करू नि काय नको असं झालं. घाईघाईत तिने एक पापलेट आईच्या हातात दिलं. आईने पोटावर बोट दाबलं, वास घेतला.

"हे कालचं आहे. मला काय आंधळी समजलीस?"

मावशी सुरी खाली ठेवून विचारात पडली.

"न्हाय गो बाय," ती शेवटी म्हणाली, "मीच लबाड."

आई किती दिवसांनी खळखळून हसली. मला तर रडूच आलं.

आता गुडघ्यांमुळे आईला जिना झेपत नाही, म्हणून मावशीच वर येते. गेटपाशी पूर्वीसारखा आरडाओरडा नसतो आणि खरं सांगायचं तर मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. परवा बांगडा पुढे करत मावशी हळूच म्हणाली, "बघ गो, आजचाच हाय ना? मना आता नीट दिसत न्हाय."

आईने तिचं बोट चाचपून धरलं आणि बांगड्याच्या पोटावर दाबलं.