फुंकेचा रकाना

गेल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दौलत मास्तरांचे तोंड वाकडे झाले. चूळ भरताना पाणी डाव्या बाजूने गळू लागले, तेव्हा ते त्यांच्या लक्षात आले. अमरावतीच्या डॉक्टरांनी चेहऱ्याचा लकवा असल्याचे सांगितले. हातपाय शाबूत होते, छाती शाबूत होती, बोलणेही समजत होते. ओठ मात्र डावीकडे मिटत नव्हते.

मास्तर लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. हे वाद्य ओठांनी चहूबाजूंनी आवळून धरावे लागते. फट राहिली की हवा निघून जाते आणि सूर येत नाही. मास्तरांनी दवाखान्यातून आल्यावर एकदा, आठ दिवसांनी एकदा आणि गणपती उठले त्या दिवशी एकदा असा तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा फक्त हवेचा आवाज आला. नंतर त्यांनी वाद्य पुसून पेटीत ठेवले.

त्यांचे घर मूळचे भातकुलीकडचे. झेंडू आणि शेवंतीचा मळा, अमरावतीत फुलांचा गाळा, गाळ्याच्या माडीवर बँड. एकाच घरातून लग्नाचे हारही जात आणि बँडही. माझ्या वृत्तपत्राचे कार्यालय या गाळ्यासमोर आहे. त्यामुळे मास्तर रोज दिसत. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधायची वेताची जुनी पत्ती कायम असे. विचार करायचा असला की ते ती तोंडात धरत. गिऱ्हाइकाने भाव विचारला तरी आधी पत्ती तोंडात जाई, मग भाव बाहेर येई.

“लोकं तंबाखू खातेत, आमचे हे लाकूड चघळतेत,” असे त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई गिऱ्हाइकांना सांगत.

लकव्यानंतर पत्ती डावीकडून पडू लागली. मास्तर ती उजव्या कोपऱ्यात धरू लागले.

बँडमध्ये चौदा माणसे होती. मास्तर सर्वांत पुढे चालणार, त्यांचा कोट वेगळ्या रंगाचा असणार आणि बॅटरी आणि भोंगे यांची हातगाडी सर्वांत मागे राहणार, ही रीत मास्तरांच्या वडिलांपासूनची. मास्तरांच्या मागोमाग ट्रम्पेटवाले शेषराव चालत. ते मास्तरांचे चुलतभाऊ, वयाने बारा वर्षांनी लहान आणि अंगाने दुप्पट.

गणपती उठल्यावर मास्तर शेषरावांना घेऊन शिंप्याकडे गेले आणि मास्तरच्या कोटासाठी त्यांचे माप द्यायला लावले. शेषराव नको म्हणत होते.

“माप घेऊन ठेव. पन कापड कापू नको,” मास्तरांनी शिंप्याला सांगितले. “तुळशीच्या लग्नापर्यंत मी वाजवलं तं माहा कोट माह्या अंगावर. नाई वाजवलं तं याच्या अंगावर.”

तुळशीच्या लग्नानंतरची पहिली सुपारी भातकुलीची होती. मुलीच्या वडिलांनी ती उन्हाळ्यातच दिली होती. दोन्ही मुलांच्या वराती मास्तरांनी वाजवल्या होत्या आणि धाकट्या मुलीसाठी त्यांची एकच अट होती: मास्तर स्वतः फुंकतील तर सुपारी पक्की.

सिंथेसायझर घेण्याची कल्पना शेषरावांची. मास्तर भजनात पेटी वाजवत असल्याने बोटांना पट्ट्यांची सवय होती.

“तुमी गाडीवर बसा मास्तर. बोटं तं शाबूत हायत.”

“बसून वरात?” मास्तर म्हणाले. “मी काय नवरदेव हाओ?”

तरीही त्यांनी चौकशी सुरू केली. नवे यंत्र आवाक्याबाहेर होते. एका कंपनीचे एक मॉडेल या भागातल्या ऑर्केस्ट्रांमध्ये वर्षानुवर्षे चालत आले होते. त्याच्या तीन पिढ्या निघाल्या होत्या आणि तिन्ही पिढ्यांचे एकेक जुने यंत्र विक्रीला होते: पहिले परतवाड्याला, दुसरे अकोल्याला, तिसरे अमरावतीतच. माहितीपुस्तके इंग्रजीत होती. ती वाचण्याचे काम माझ्याकडे आले.

मी तक्ता केला. वजन, आवाजांची संख्या, एका वेळी किती सूर वाजतात, पडदा, साठवण. तिसरी पिढी प्रत्येक रकान्यात पुढे होती. मी मास्तरांना तीच सुचवली.

अमरावतीच्या दुकानदाराने यंत्र सुरू करून ठेवले होते. पडदा रंगीत होता.

“पाहा मास्तर, हजाराच्या वर आवाज हायत.”

“हजार कायले? मले एक पायजे. कलारनेट लाव.”

दुकानदाराने क्लॅरिनेटचा आवाज लावला. मास्तरांनी एक पट्टी दाबली, डोळे मिटले आणि बोट उचललेच नाही. सूर सुरू झाला तसाच राहिला. पत्ती उजवीकडून डावीकडे गेली आणि पुन्हा उजवीकडे आली. दुकानदाराने दरम्यान एका गिऱ्हाइकाला माइक विकला.

“हा मानूस श्वास घेत नाई,” मास्तर शेवटी म्हणाले.

“मशीनले कायचा श्वास, मास्तर?”

“मंग वरात त्याच्यामागं काऊन चालन?”

आम्ही बाहेर पडलो. मी त्यांना तक्ता पुन्हा दाखवला. त्यांनी तो घडी करून पत्तीच्या खिशात ठेवला आणि परतवाड्याची बस किती वाजता आहे ते विचारले.

परतवाड्याचे यंत्र एका निवृत्त शिक्षकांचे होते. ते पूर्वी ऑर्केस्ट्रा चालवत. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. पहिल्या पिढीचे ते यंत्र दोघांनी मिळून उचलावे इतके जड होते. पडदा फिकट झाला होता. डाव्या हाताने संगत धरून उजव्या हाताने चाल वाजवली की आधीचे सूर मध्येच तुटत. मास्तरांनी पुन्हा एकच पट्टी धरली आणि नकारार्थी मान हलवली.

निघताना त्यांनी यंत्र उलटे करून मागची बाजू पाहिली. प्रत्येक वाद्य मागून पाहायची त्यांची सवय होती. हेडफोनच्या जागेशेजारी तसेच एक बारीक छिद्र होते.

“हे कायचं?”

“थे माइकचं,” गुरुजी म्हणाले. “डोक्यावर अडकवाचा बारका माइक भेटला होता त्याच्यासंग. लावला, बोंबललो, आवाजच येत नाई. दुरुस्तीवाल्यानंही बोंबलून पाह्यलं. खराब निघाला. फेकून देल्ला. अचलपूरच्या पार्टीचाही खराबच निघाला होता.”

परतीच्या बसमध्ये मी गुरुजींनी दिलेले माहितीपुस्तक चाळले. मागच्या बाजूचे चित्र आठव्या पानावर होते. त्या छिद्रासमोर दोन ओळी होत्या. मी त्यांचा अर्थ मास्तरांना सांगितला: येथे फुंकेची नळी जोडावी. वादक जितकी फुंक घालेल तितका सूर मोठा होईल. फुंक थांबली की सूर थांबेल.

“पुन्हा वाचा.”

मी वाचले.

“ओठ आवळा लागते असं लिवलं हाय का?”

तसे लिहिलेले नव्हते. नळी बोटाच्या पेराएवढी असून ती तोंडात नुसती धरायची होती. मास्तरांनी तिसऱ्यांदा वाचायला लावले. मग खिशातून तक्ता काढला.

“भाऊ, तुमच्या कागदावर फुंकेचा रकाना नाई.”

खरोखरच नव्हता. मी बसमध्येच तो आखला. पहिल्या पिढीसमोर ‘आहे’ लिहिले. अमरावतीच्या दुकानदाराला फोन करून यंत्राची मागची बाजू पाहायला सांगितली. त्याला छिद्र सापडले नाही. तिसऱ्या पिढीत कंपनीने ती सोय काढून टाकली होती. दुसऱ्या पिढीचे पुस्तक मी त्या संध्याकाळी कार्यालयात उघडले. छिद्र होते. एका वेळी सूरही पहिल्यापेक्षा दुप्पट वाजत. राहता राहिली नळी. ती ज्यांच्याकडे होती, त्यांनी ती बिघडलेला माइक म्हणून टाकली होती.

अकोल्याला आम्ही तिघे गेलो. शेषराव यंत्र उचलायला म्हणून आले. जठारपेठेतल्या नलिनीबाई शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि मुलाकडे पुण्याला चालल्या होत्या. तिथल्या घरात यंत्राला जागा नव्हती. त्यांनी यंत्र ओढणीखाली झाकून ठेवले होते. सगळ्या पट्ट्या नीट चालत होत्या.

“यासोबत वायरांचा डबाही घेऊन जा,” त्या म्हणाल्या.

मास्तरांनी बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा जमिनीवर उपडा केला. वायरांच्या गुंत्यात डोक्यावर अडकवायची एक बारीक तार होती. तिच्या टोकाला पांढरी नळी होती.

“ते राहू द्या. तो माइक पहिल्या दिवसापासून खराब आहे.”

मास्तरांनी तार गुंत्यातून सोडवली.

“बाई,” ते म्हणाले, “मले हाच खराब माइक पायजे. मशीन त्याच्यासंग द्या.”

नळी साबणाने धुतली. तार डोक्यावर बसवली. नळी उजव्या कोपऱ्यात, पत्तीच्या जागी गेली. नलिनीबाईंनी क्लॅरिनेटचा आवाज लावला. मास्तरांनी पट्टी दाबली आणि फुंकले. अमरावतीसारखाच सूर आला. फुंक कमी केली, वाढवली, थांबवली. सूर होता तसाच राहिला.

“मास्तर, चहा थंडा करून राहिले का?” पायरीवर बसलेले शेषराव म्हणाले.

मास्तर फुंकत राहिले. डाव्या बाजूने लाळ आली. त्यांनी ती दुपट्ट्याने टिपली. नलिनीबाई म्हणाल्या की आपणही सुरुवातीला बरेच दिवस प्रयत्न केला होता. मी पुस्तक घेऊन बसलो. चार प्रकरणांनंतर उत्तर मिळाले. नळी जोडून भागत नव्हते. कोणत्या आवाजाने फुंकेचे ऐकायचे, हे यंत्राला आधी सांगावे लागत होते. या भागात ते पान कोणी उघडले नव्हते. नलिनीबाईंनी चष्मा लावून एकेक बटण दाबले. एकदा चुकले. दुसऱ्यांदा पडद्यावर फुंकेपुढचे शून्य बदलले.

मास्तरांनी पट्टी दाबली. आवाज आला नाही. पट्टी दाबलेलीच होती. मग त्यांनी श्वास घेतला आणि फुंकले.

सूर कुठून सुरू झाला ते कळले नाही. तो वाढला, भरला, थरथरला आणि मास्तरांची छाती रिकामी होईपर्यंत उतरत गेला. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. यावेळी पाठवणीची चाल होती. नलिनीबाईंच्या शेजारच्या घराची खिडकी उघडली. शेषराव पायरीवरून उठून उभे राहिले. वरातीत मास्तरांनी सुरुवात केली की उजव्या हाताला मागे उभे राहायची त्यांची जागा असे. तिथेच ते उभे होते.

चाल संपल्यावर मास्तरांनी नळी काढली.

“थंडा झाला का चहा?” त्यांनी विचारले.

“नाई मास्तर. तोंड भाजलं.”

पुढचे तीन आठवडे माडीवर तालीम चालली. सुरुवातीला मास्तर मोठ्या आवाजासाठी पट्टी जोरात दाबत. सुलोचनाबाई खालून ओरडत, “दाबू नका, फुका. इतके वर्सं कोनाच्या बोटानं वाजवलं?” त्यांनीच लाळ टिपायला वायलच्या कापडाचे रुमाल शिवून दिले. प्रत्येक चालीला एक.

एक अडचण राहिली. नळीची वायर माणसाच्या उंचीएवढी होती. मास्तर यंत्रापासून दूर जाऊ शकत नव्हते, आणि यंत्र रीतीप्रमाणे मागच्या गाडीवर होते. शेषरावांनी गाडीवर स्टूल आणून ठेवले. मास्तरांनी ते परत पाठवले.

“गाडी पुढं घ्या.”

“गाडी पुढं? लोकं काय म्हनतीन? बापजाद्यापासून गाडी मागं हाय.”

“बापजाद्यापासून मास्तर पुढं हाय,” मास्तर म्हणाले. “गाडीले मास्तरसंग यावं लागन.”

बॅटरी तळाच्या फळीवर गेली. यंत्राचा चौथरा गाडीच्या मागच्या टोकाला, मास्तरांच्या छातीच्या उंचीवर बसवला. गाडी पुढे ओढायची आणि तिच्या मागोमाग मास्तरांनी चालत वाजवायचे, असे ठरले.

भातकुलीचे लग्न ठरल्या दिवशी झाले. वरात मारुतीच्या देवळापासून निघायची होती. मुलीचे वडील सामोरे आले. त्यांनी बँडवरून नजर फिरवली.

“मास्तर, कलारनेट कोठी हाय?”

मास्तरांनी नळीकडे बोट दाखवले.

“फुकता ना पन?”

मास्तरांनी पट्टी दाबली. त्यांनी श्वास घेतला. पहिल्या सुरालाच देवळाच्या ओट्यावर बसलेली म्हातारी मंडळी उठली. मुलीच्या वडिलांनी फेटा सावरला आणि गाडीला वाट करून दिली.

देवळापासून मंडपापर्यंत चालत दहा मिनिटांचे अंतर आहे. वरातीला दीड तास लागला. नाचणाऱ्यांनी ती चार वेळा अडवली. चौथ्यांदा खुद्द मुलीच्या वडिलांनी अडवली. संध्याकाळी पाठवणीची चाल मास्तरांनी दोनदा वाजवली. दुसऱ्यांदा वाजवायला नवरीने सांगितले होते. त्या दिवशी सगळे रुमाल संपले.

मंडपातच पुढच्या तीन सुपाऱ्या आल्या. त्यांतली एक अकोल्याची होती. त्या वरातीला नलिनीबाई पुण्याहून आल्या.

हंगाम आषाढातल्या आखाडीपर्यंत चालला. गाडी प्रत्येक वरातीत पुढे होती आणि शेषराव मास्तरांच्या उजव्या हाताला मागे होते. मास्तरांचा डावा ओठ आता अर्धा मिटतो. क्लॅरिनेट पेटीत आहे आणि पत्ती खिशात.

मागच्या आठवड्यात मी शिंप्याकडे गेलो होतो. शेषरावांचे माप त्याच्या वहीत आहे. कापड फळीवर घडी घालून ठेवलेले आहे. ते कापलेले नाही.